क्लिनिकल रिसर्चच्या नोकरीच्या नावाखाली माझे १ लाख १० हजार गेले, फॉर्म भरण्याआधी प्लीज वाचा

मी बी.फार्म, गाव लातूर जिल्ह्यातलं. मेडिकल दुकानात बसायचं नव्हतं म्हणून पुण्यात एका इन्स्टिट्यूटला क्लिनिकल रिसर्चचा, म्हणजे औषधं-उपचार माणसांवर तपासून बघण्याच्या चाचण्यांच्या (ट्रायल) कामाचा, सहा महिन्यांचा डिप्लोमा घेतला, १००% प्लेसमेंट, फी ८५ हजार, बाबांनी सोयाबीनचे आलेले पैसे जसेच्या तसे दिले. रोख घेतले आणि पावतीवर नुसता रबरी शिक्का, तेव्हाच थांबायला पाहिजे होतं.

शिकवायचे म्हणजे काय तर पीडीएफ वाचून दाखवायचे. शेवटी जीसीपी, म्हणजे ट्रायल नीट कशी करायची त्या नियमांच्या ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटचे वेगळे ५ हजार घेतले. अरे ते ट्रेनिंग अमेरिकेतल्या नायडा (NIDA) या सरकारी संस्थेकडून ऑनलाईन फुकट करता येतं, सर्टिफिकेटसकट, आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

मग ऑफर लेटर आलं, एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात सीआरसी म्हणजे ट्रायलचं रोजचं काम सांभाळणारा कोऑर्डिनेटर, पगार २२ हजार, त्याआधी २० हजार "रिफंडेबल डिपॉझिट" यूपीआयने पाठवा. लेटरवर ट्रायलचा सीटीआरआय नंबर, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर टाकलेला, त्यामुळे मला एका मिनिटासाठी पण शंका आली नाही.

सोमवारी बॅग घेऊन तिथे गेलो. रिसर्च डिपार्टमेंटच्या मॅडमनी लेटर पाहिलं, काही न बोलता तो नंबर सीटीआरआयच्या साईटवर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. नंबर खरा होता, पण ट्रायल केरळातली, आयुर्वेदाची, कधीच संपलेली. ही साईट आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची आहे, लॉगिन लागत नाही, १५ जून २००९ पासून देशातल्या ट्रायलची नोंद तिथे सक्तीची आहे, आणि कुठल्या हॉस्पिटलात, कोणत्या डॉक्टरकडे, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, भरती चालू आहे का सगळं दिसतं. दोन मिनिटांचं काम होतं हो.

मॅडमनी विचारलं, "ट्रायलमधला पेशंट अचानक सिरीयस झाला तर किती तासात कळवायचं?" मी म्हटलं सात दिवस. "२४ तास रे बाळा." मग नोंदीत चुकलेला आकडा कसा दुरुस्त करायचा ते दाखवायला त्यांनी कोऱ्या कागदावर १४० लिहिलं, त्यावर एकच आडवी रेघ मारली, शेजारी १३०, सही, तारीख. म्हणाल्या, जुना आकडा वाचता आला पाहिजे, व्हाईटनर कधीच नाही. सहा महिन्यांत हे एवढंही शिकवलं नव्हतं, पैशापेक्षा मला त्याचं जास्त लागलं, कारण उद्या खरंच कुणी मला पेशंटसमोर उभं केलं असतं तर?

त्या असंही म्हणाल्या की इथे नोकरी लागताना एक रुपयाही भरावा लागत नाही, उमेदवाराकडून डिपॉझिट कुणीच घेत नाही.

कुणी यूपीआयने पैसे पाठवले असतील तर त्याच तासाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा. मी दोन दिवस घरी कसं सांगू यातच घालवले आणि तक्रार केली तोवर २० हजार त्या खात्यातून पुढे गेलेले होते.