टेनिसची सकाळची बॅच: सर पक्के, नेट ढिलं

चाळिशीत टेनिस शिकायचं म्हटल्यावर घरच्यांनी आधी गुडघ्यांची चौकशी केली. तरी संभाजीनगरात सिडकोतल्या एका कोर्टावर सकाळच्या बॅचला नाव घातलं.

शिकवणं एक नंबर. सर लगेच पिवळा चेंडू हातात देत नाहीत. आधी लाल, मग केशरी, मग हिरव्या ठिपक्याचा. लाल चेंडू नेहमीच्यापेक्षा साधारण 75 टक्के हळू, केशरी 50, हिरवा 25. टप्पा पडल्यावर खांदा वळवायला, पाय लावायला वेळ मिळतो आणि आमच्यासारख्यांचीही रॅली (चेंडूची सलग देवाणघेवाण) चालते. रॅकेट स्वतःची नसली तरी देतात, तीही 270 ग्रॅमच्या आसपासची, त्यामुळे मनगट बोंबलत नाही. रनिंगचे बूट मात्र चालवून घेत नाहीत. टेनिसमध्ये आडवं पळावं लागतं, त्यात घोटा मुरगळतो. बरोबरच आहे.

आता कोर्ट. बेसलाइनला, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेला, तडे गेलेत, चेंडू तिथं पडला की कुठं उडेल नेम नाही. नेटचा मधला पट्टा तुटलाय. मधोमध उंची 3 फूट हवी, म्हणून सर एक रॅकेट उभी धरतात, तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं लावतात (रॅकेटची लांबी 27 इंच अधिक डोक्याची रुंदी साधारण 9), अन् सुतळीनं नेट बांधतात. हे काम सरांचं आहे का? फी घेणाऱ्यांना विचारलं तर ‘बघू’.

एप्रिल-मेमध्ये सहाचीच बॅच घ्या. आठनंतर सिमेंट तापतं. पावसाळ्यात बुडालेले दिवस भरून देत नाहीत, तेव्हा तिमाही फी एकदम भरू नका.