होई आनला दोनच दिवस? मग निळ्या नोटा ओळखायला शिका

व्हिएतनाममधल्या होई आनला ना विमानतळ, ना रेल्वे स्टेशन. दा नांगला उतरायचं, साधारण 30 किलोमीटर रस्त्याने यायचं, एक-दोन रात्री काढायच्या आणि सॅक पाठीला लावून पुढे निघायचं. असा माणूस भांडायला परत येत नाही, हे इथल्या लबाडांना पक्कं ठाऊक आहे. बाकी गाव सरळ आहे.

सगळ्यात जास्त फटका नोटांच्या अदलाबदलीत बसतो. व्हिएतनामचं चलन डाँग. 20,000 डाँगची नोट निळी आणि 5,00,000 ची निळसर-हिरवी. दोन्ही प्लॅस्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह. संध्याकाळी कंदिलांच्या उजेडात रंगाचा भरवसा राहत नाही. समजा, 60,000 ची वस्तू घेऊन तुम्ही 5 लाखांची नोट दिलीत. विक्रेता ती फळीखाली नेतो, सुटे शोधल्यासारखं करतो आणि 20,000 ची नोट वर धरून म्हणतो, "एवढेच दिलेत, अजून 40 द्या," म्हणजे 40,000. रोज नवे शून्य मोजून डोकं आधीच गरगरलेलं असतं, आपलंच चुकलं असं वाटून माणूस वर आणखी पैसे देतो. 4,80,000 डाँग म्हणजे साधारण 1600 रुपये गेले.

20,000 च्या नोटेमागे खुद्द होई आनचा छपराचा जपानी पूल आहे, 5 लाखांच्या मागे हो ची मिन्ह यांचं गावाकडचं घर. दोन्हींची रुंदी 65 मिलिमीटर. लांबी मात्र 136 आणि 152. एकमेकींवर ठेवल्या की दीड सेंटिमीटर जास्त बाहेर येते ती मोठी. एटीएममधून बहुतेक 5 लाखांच्याच नोटा निघतात, म्हणून त्या हॉटेलात किंवा सुपरमार्केटमध्ये मोडा आणि वेगळ्या कप्प्यात ठेवा. फुटपाथवर द्यावीच लागली तर आकडा मोठ्याने बोला आणि सुटे मोजून होईपर्यंत नोटेचं टोक सोडू नका. मेन्यूवरचे 50 म्हणजे 50,000. शेवटची तीन शून्यं झाकून 3.3 ने गुणलं की रुपये.

फळवाली हसत हसत कावड तुमच्या खांद्यावर ठेवते, टोपीही देते. फोटो निघाला की पैसे मागते, नाहीतर फळं गळ्यात मारते. कावड खांद्याला लागायच्या आत बाजूला व्हा. नदीतल्या कंदीलबोटीला आणि बाय माऊच्या नारळवनातल्या गोल टोपलीबोटीला एकच प्रश्न विचारा: दर बोटीचा की माणशी? उत्तर मोबाइलवर टाइप करून घ्या.

स्कूटरचा घोळ महागात जातो. पासपोर्ट अडकवून घेतात आणि बस सुटायला अर्धा तास असताना जुन्या ओरखड्याचे पैसे मागतात. पासपोर्टऐवजी रोख डिपॉझिट द्या. मालकासमोरच गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, आरसे आणि सायलेन्सर विसरू नका. शिवाय भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना 1949 च्या रस्ते वाहतूक कराराखालचा असतो आणि व्हिएतनाम 1968 चा मानतो. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. आन बांगचा किनारा चार-पाच किलोमीटरवर, रस्ता सपाट. तेवढ्याला सायकल पुरते.