आरोग्य सेतू: मोंढ्यातल्या वहीपेक्षा बरे, पण वहीच

२०२० च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दिवसांत, परभणीच्या मोंढ्यात (धान्यबाजारात) आडतीवर पाऊल टाकण्याआधी दारातल्या वहीत नाव, गाव आणि मोबाइल नंबर लिहावा लागे, आणि आपल्या आधी कोण येऊन गेले हे कोणालाही त्या पानावर बोट फिरवून वाचता येत असे. बाधितांच्या संपर्कात कोण आले हे शोधणारे केंद्र सरकारचे मोबाइल ॲप ‘आरोग्य सेतू’ २ एप्रिलला आले, ते मी वापरले, आणि त्याची पारख या वहीशी ताडूनच करतो आहे.

नोंदणीच्या वेळी नाव, नंबर, वय, लिंग, व्यवसाय आणि मागील ३० दिवसांतला परदेश प्रवास विचारला जाई. (शेवटच्या प्रश्नाला आमच्या मोंढ्यात उत्तर सोपे होते.) पुढे ब्लूटूथ सुरू असलेले दोन फोन जवळ आले की आपापले सांकेतिक क्रमांक एकमेकांना देत, ती नोंद फोनमध्येच राही आणि धारकाला लागण झाल्याचे निष्पन्न झाले, किंवा त्याने भरलेल्या प्रश्नावलीवरून तसा संशय आला, तरच सर्व्हरवर जाई. इथवर ही रचना वहीपेक्षा सरस होती, कारण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला माझे नाव कळत नसे. मात्र ॲप दर १५ मिनिटांनी ठिकाणही टिपून ठेवी, आणि एकदा मिळालेला क्रमांक बदलत नसल्यामुळे, नाव झाकलेले असले तरी माग काढण्याची वाट उघडी राही. ॲपल आणि गूगल यांनी त्याच एप्रिलमध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत फोनचा संकेत दर १० ते २० मिनिटांनी बदले, ठिकाण मागितलेच जात नसे आणि बाधितांच्या संकेतांशी जुळणी ज्याच्या त्याच्या फोनमध्येच होई. जर्मनीने जूनमध्ये आणलेले ॲप याच पद्धतीवर उभे होते. त्यापुढे आपले ॲप म्हणजे झाकण घातलेली वही ठरते.

मे महिन्यात अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड खुला केला गेला, म्हणजे ॲप आतून कसे चालते हे जाणकारांना तपासता येऊ लागले, ही जमेची बाजू.

प्रत्यक्ष वापराचे सांगायचे तर, एका कार्यालयाच्या फाटकावर रखवालदार फक्त पडद्याचा हिरवा रंग, म्हणजे ‘सुरक्षित’ असल्याची ॲपची खूण, पाहत होता. माझ्या पुढच्या गृहस्थांनी आदल्या दिवशीचा स्क्रीनशॉट दाखवला आणि ते आत गेले, तर ब्लूटूथ दिवसभर सुरू ठेवून बॅटरी संपलेला मी भर उन्हात परत फिरलो. बटनाच्या फोनवाल्या हमालांसाठी १९२१ या नंबरवर मिस्ड कॉल देण्याची सोय होती, पण ब्लूटूथची देवाणघेवाण त्यात कुठून येणार?

पाचपैकी तीन तारे.

संपर्क शोधण्याची सोय बंद करून तिची माहिती पुसून टाकल्याचे सरकारने २०२३ मध्ये संसदेत सांगितले. आडतीवरच्या त्या वहीच्या कोऱ्या पानांवर पुढे तोलाईचा हिशेब सुरू झाला. आमची नावे आणि नंबर पहिल्या पानांवर अजून तसेच आहेत.