जुना मिक्सर बुश-सील बदलून वापरतेय: उन्हाळा ते दिवाळीचा अनुभव

मिक्सर ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा, बहुतेक घरांत असतो तोच साधा प्रकार. वॉरंटी केव्हाच संपलेली. मोटर ठणठणीत. मोठ्या भांड्याखालून काळं पाणी यायला लागलं म्हणून दुरुस्तीला काढला, तर सर्व्हिस सेंटरचं उत्तर: "सील सुटं मिळत नाही, पूर्ण जार असेंब्ली घ्या." किंमत ९५० रुपये. शिवाय मॉडेल बंद झालंय, त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवा घ्या, हा आग्रह. भांड्याचं स्टील चांगलं, पाती चांगली, हँडल चांगलं, झाकण चांगलं. एक छोटी रबरी चकती, म्हणजे ते सील, गेलं म्हणून हे सगळं भंगारात घालायचं, हे मला अजिबात पटलं नाही. बाहेर, सांगलीतच, सील, स्पिंडल (पात्याचा दांडा), बुश (तो दांडा ज्यात फिरतो ती नळी) आणि मजुरी धरून २४० रुपयांत काम झालं. त्या कामाचा हा दिवाळीनंतरचा अनुभव.

मिक्सर घेताना सगळे वॅट विचारतात. ५०० की ७५० की १०००. मिक्सर किती वर्षं चालणार हे मात्र भांड्याच्या तळातलं ऑइल सील ठरवतं, आणि त्याबद्दल दुकानात कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून या सीलवर जरा जास्त लिहिते.

पात्याचा स्पिंडल भांड्याच्या तळातून खाली जातो. तो एका धातूच्या बुशमध्ये फिरतो, आणि त्या बुशच्या वर, पात्याच्या लगेच खाली, सील बसवलेलं असतं. सीलची पातळ लिप (आतली कड) स्पिंडलला घट्ट लागून राहते आणि चटणीचं पाणी खाली जाऊ देत नाही. मिक्सरची मोटर रिकामी फिरताना मिनिटाला १८,००० च्या आसपास फेरे घेते, तेव्हा ही लिप किती घासली जात असेल याचा विचार करा. ती झिजली की पाणी, मीठ, चिंचेचा कोळ थेट बुशमध्ये. बुशमधलं तेल धुऊन जातं, स्पिंडल गंजतो, आणि काळं पाणी खाली टपकायला लागतं. पुढे बुश सैल होतो, स्पिंडल डगमगतो, कप्लर (मोटर आणि भांडं जोडणारी दातेरी चकती) एका बाजूने झिजून काळी भुकटी पाडतो, मोटरला हादरे बसतात, कार्बनपाशी (मोटरच्या फिरत्या भागाला घासत वीज देणारे तुकडे) ठिणग्या वाढतात. टपकलेलं पाणी मोटरच्या शाफ्टवरून आत उतरलं तर शेवटी आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा तारा गुंडाळलेला भाग, जातं. मिस्त्री मग "आर्मेचर जळालं" एवढंच सांगतो. सुरुवात सीलपासून झालेली असते.

घरी तपासायला अवघड काही नाही. भांड्यात दोन बोटं पाणी घालून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर सील गेलं. मग भांडं कोरडं करून पातं आडवं हलवून बघा. स्पष्ट जाणवेल इतकं हलत असेल तर बुशही गेला. आवाजाचं म्हणाल तर भांडं काढून नुसती मोटर दोन सेकंद चालवा. खरखर थांबली तर दोष भांड्यात, तशीच राहिली तर मोटरच्या बुशमध्ये किंवा बेअरिंगमध्ये.

आता काम कसं झालं ते. भांडं उपडं करून खालचा कप्लर काढायचा. पातं जाड फडक्यात धरायचं, नुसत्या हाताने नको. कप्लरची आटी दोन ठिकाणी दोन प्रकारची असते आणि इथेच जोर लावून कप्लर तुटतात. मोटरवरचा कप्लर मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवला की सुटतो (शाफ्ट खालून धरावा लागतो, बऱ्याच मोटरींत खालच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हरसाठी खाच असते). भांड्याखालचा कप्लर त्याच्या विरुद्ध दिशेने सुटतो. भांडं उपडं केल्यावर दिशा उलटी दिसते, हे लक्षात ठेवा. मोटर कुठल्या बाजूला फिरते हे कळत नसेल तर क्षणभर चालवून बंद करा आणि थांबता थांबता बघा. गंजून बसलेला असेल तर गंज सोडवणारं तेल सोडून तासभर थांबा.

कप्लर निघाला की वॉशर आणि काही भांड्यांत असलेलं लॉक काढायचं आणि पात्यासकट स्पिंडल वर ओढायचा. जुनं सील आणि बुश ठोकून काढले तरी चालतात. नवा बुश मात्र व्हाइसमध्ये (शिकंज्यात) दाबून बसवायला लावा. हातोडीने ठोकलेला बुश किंचित तिरका बसतो आणि भांडं पहिल्या दिवसापासून गुरगुरतं. सील बसवताना लिपची बाजू वर, म्हणजे पदार्थाकडे. उलटं बसवलं तर दिसायला सगळं ठीक दिसतं आणि पहिल्याच पातळ चटणीला गळतं. काम तुमच्या समोर करून घ्या ते याचसाठी. वॉशर मूळ जाडीचेच घाला. कमी-जास्त झाले तर पातं तळाला घासतं, नाहीतर इतकं वर राहतं की तळाशी लसणाच्या पाकळ्या अख्ख्या सापडतात. जोडून झाल्यावर स्पिंडल बोटाने सहज फिरला पाहिजे, पण आडवा हलता कामा नये.

सुटे भाग अंदाजाने आणू नका. जुना बुश, जुनं सील आणि स्पिंडल तिन्ही सोबत न्या आणि नवं सील जुन्या स्पिंडलवर दुकानातच चढवून बघा. एकसारखी दिसणारी सीलं अर्ध्या मिलिमीटरने वेगळी असतात.

पहिल्या काही आठवड्यांतलं माझं मत फारसं चांगलं नव्हतं. भांडं घट्ट फिरायचं, पहिल्या स्पीडला मोटर अडखळायची, रबराचा वास यायचा आणि खालचा कप्लर कोमट लागायचा. तेव्हा विचारलं असतं तर "कामचलाऊ" म्हटलं असतं. पावसाळा सुरू होईपर्यंत वास गेला, आवाज दुरुस्तीआधीपेक्षा कमी झाला. नव्या सीलची लिप स्पिंडलवर रुळायला वेळ घेते. त्या काळात भांडं कोरडं फिरवायचं नाही आणि थोडा पातळ पदार्थच वाटायचा, एवढं पथ्य पाळलं तर बाकी काही करावं लागत नाही. मोठ्या भांड्याला आता मी पैकीच्या पैकी गुण देईन.

चटणीच्या भांड्याची गोष्ट वेगळी. मोठ्या भांड्यात सील, बुश, स्पिंडल तिन्ही बदलले होते. चटणीच्या भांड्यात मिस्त्रींच्या मते स्पिंडल चालण्यासारखा होता, म्हणून फक्त सील आणि बुश. दोन्ही कामं एकाच दिवशी, एकाच हातची, सीलही एकाच दुकानातलं. मोठं भांडं आजही कोरडं आहे. चटणीचं भांडं गणपतीच्या सुमारास पुन्हा गळायला लागलं. कारण स्पिंडलवर सीलची लिप जिथे घासते तिथे वर्षानुवर्षं बारीक चर पडलेला असतो. नवीन लिप त्या चरावर बसत नाही, आणि चराच्या कडेवर घासून लवकर झिजते. तपासायची रीत अशी: स्पिंडल पुसून कोरडा करा आणि त्यावरून नख लांबीच्या दिशेने ओढा. नख अडकलं तर स्पिंडल बदला. डोळ्यांना तो चर नुसता चकाकता पट्टा दिसतो, त्यामुळे बघून ठरवू नका. सुट्या स्पिंडलचे शंभरेक रुपये वाचवायला गेलं की सील आणि मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. आता त्या भांड्यातही नवा स्पिंडल घातलाय, आणि कागद कोरडा आहे.

कप्लरबद्दल थोडक्यात. तो तुटला की लोक मिक्सरला नावं ठेवतात. पण भार फार झाला तर आधी तुटायचा भाग तोच आहे, तो तुटतो म्हणून आर्मेचर वाचतं. पन्नास रुपयांच्या आत मिळतो. वारंवार तुटत असेल तर कप्लर बदलत बसू नका, स्पिंडल हलतोय का ते बघा.

कार्बन बदलण्याची वेळ अजून आलेली नाही. खालच्या जाळीतून अंधारात पाहिलं तर बारीक निळसर ठिणगी दिसते, ती चालते. कम्युटेटरभोवती (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) नारिंगी कडं दिसलं, जळका वास आला, तर लगेच बंद. कार्बन जोडीनेच बदलायचे आणि स्प्रिंग मऊ पडलीय का तेही बघायचं.

आता वापर. आपल्याकडे मिक्सरवर पडतं ते सुकं खोबरं, तीळ, शेंगदाण्याची चटणी, लसूण-मिरचीचा खर्डा. कांदा-लसूण मसाल्याचं वर्षाचं काम डंकावरच (मसाला कांडायच्या यंत्रावर) द्यावं, ते या मोटरचं काम नव्हे. हळकुंड तर मिक्सरमध्ये मुळीच नको. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं कौतुक आहेच, पण शिजवून, वाळवून, पॉलिश केलेलं हळकुंड दगडासारखं टणक असतं. पातं, कप्लर आणि बुश तिघांनाही एकाच वेळी धक्का बसतो. हळद चक्कीवरूनच दळून आणा.

सीलला सगळ्यात जास्त मारते उष्णता. भाजलेलं खोबरं, गरम वाटण थेट ओतायचं नाही, पूर्ण गार होऊ द्यायचं. घट्ट वाटण पहिल्या स्पीडवर रेटत बसणंही वाईट. मोटर मंदावली की ती जास्त करंट ओढते, आणि तिला गार करणारा पंखा त्याच शाफ्टवर असल्यामुळे वाराही कमी होतो. म्हणजे तापणं दोन्हीकडून. पहिल्यावर सुरू करा, पदार्थ फिरायला लागला की वर न्या, अडकला तर चमच्याने खाली ढकलून दोन चमचे पाणी घाला. मिक्सर मधेच बंद पडला तर तळाचं लाल बटण लगेच दाबू नका. मोटर गार होऊ द्या, भांडं थोडं रिकामं करा, मग दाबा. माझ्या मिक्सरच्या माहितीपत्रकात पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद असा क्रम दिलाय आणि तो पाळला की मोटर हाताला कोमटच लागते.

धुण्याची पद्धत बदलल्यानेही फरक पडला. भांडं सिंकमध्ये बुडवून ठेवायचं नाही. पाणी आणि थेंबभर साबण घालून दोनदा झटका द्यायचा, ओतायचं, विसळायचं. घासायची पावडर किंवा राख खालच्या कप्लरच्या खोबणीत जाऊ द्यायची नाही, ती बुशमध्ये शिरून पॉलिश पेपरचं काम करते. आणि खोबणीत पाणी असताना भांडं उपडं वाळत घालायचं नाही, ते पाणी थेट बुशमध्ये झिरपतं. आधी खोबण फडक्याने पुसायची.

कृष्णेकाठच्या घरांसाठी एक वेगळी सूचना. २००५, २०१९, २०२१ च्या पुरासारखं पाणी घरात येऊन मिक्सर बुडाला, तर वाळलेला दिसतो म्हणून प्लग लावू नका. मोटर उघडून गाळ स्वच्छ पाण्याने धुवायचा, सावलीत काही दिवस पूर्ण वाळवायची, मग रिवाइंडिंगवाल्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वीज बाहेर झिरपते का ते मोजणारं मीटर) तपासून घ्यायची. एक मेगाओमच्या खाली रीडिंग आलं तर चालवायची नाही. मोटरचे बुश किंवा बेअरिंगही बदला, कारण बारीक गाळ धुऊन पूर्ण निघत नाही.

ज्यांचं भांडं तळाच्या जोडाशी चिरलंय किंवा बुश बसतो ती जागाच सैल झालीय, त्यांनी सीलवर पैसे घालू नयेत, तिथे नवीन भांडंच लागतं. बाकीच्यांनी असेंब्लीला हो म्हणण्याआधी बाहेर विचारावं आणि जुने भाग परत मागून घ्यावेत. वॉरंटी चालू असेल तर मात्र स्वतः उघडू नका. सर्व्हिस सेंटर दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. मधलं भांडं अजून मूळ सीलवरच चालतंय. त्याच्या मापाचं सील, बुश आणि स्पिंडल आणून ठेवलाय, कागद ओला झाला की तिन्ही एकदम बदलणार.