प्रबंधाला कोणता करार घ्यावा: रासायनिक की जैविक?

सोलापुरात एम.ए. किंवा एम.एस्सी.चा प्रबंध शस्त्रबंदीवर करायचा, तर निवड बहुधा रासायनिक आणि जैविक शस्त्रबंदी करार या दोघांत होते. १९२५च्या जिनिव्हा प्रोटोकॉलनं फक्त वापर रोखला. बनवणं आणि साठवणंही बंद केलं ते पुढच्या करारांनी: जैविक १९७५ पासून लागू, रासायनिक १९९७ पासून.

रासायनिक करार तराजू घेऊनच बसलाय. थायोडायग्लायकॉल कापडछपाईत रंग विरघळवायला चालतं आणि मस्टर्ड वायूचा कच्चा मालही तेच, म्हणून ते दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे करारातल्या रसायनांच्या दुसऱ्या यादीत. वर्षाला १ टनाच्या वर वापरलं की घोषणापत्र, १० टनांच्या वर गेलं की करार राबवणाऱ्या संस्थेचे निरीक्षक हेगहून येऊ शकतात. ट्रायइथॅनॉलअमाइन हे दुसरं औद्योगिक रसायन मात्र तिसऱ्या अनुसूचीत. तिथं घोषणापत्र ३० टनांवरच्या उत्पादकानं द्यायचं, नुसतं वापरणाऱ्यानं नाही. चिंचोळी एमआयडीसीतलं उदाहरण घेताना हे दोन नियम हमखास एकमेकांत मिसळतात. पाणी शुद्ध करायचा क्लोरीन तर एकाही अनुसूचीत नाही. तरी शस्त्र म्हणून सोडला की गुन्हाच, कारण बंदी हेतूवर आहे, यादीवर नाही.

जैविक करारात ना यादी, ना निरीक्षक. तक्रार न्यायची सुरक्षा परिषदेकडे, आणि आरोपीच्याच हाती नकाराधिकार असला तर संपलंच. सोव्हिएत संघानं सही केली होती. तरी १९७९ला स्वेर्दलोव्हस्कच्या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स निसटला, किमान ६६ माणसं गेली. या करारात पडताळणी आणायच्या मसुद्याला २००१ मध्ये अमेरिकेनं नकार दिला. पण सगळं खापर राजकारणावर फोडू नका. जंतू वाढतात, त्यामुळे आजच्या वजनाला अर्थ नाही. लशीचा फर्मेंटर (जंतू वाढवायची टाकी) आणि शस्त्राचा फर्मेंटर बाहेरून सारखाच दिसतो.

हाती सहाच महिने असतील तर रासायनिक घ्या, आकडे तयार आहेत. जुलै २०२३ पर्यंत जगभरातला ७२,३०४ टन घोषित साठा नष्ट झाला. भारतानं आपला १,०४४ टन २००९ मध्येच संपवला. फक्त ‘घोषित’ हा शब्द गाळू नका: सीरिया २०१३ मध्ये सदस्य झाला, आणि २०१७ मध्ये तिथल्याच खान शेखूनमध्ये सरीन हा विषारी वायू वापरला गेला.

जैविक घ्यायचा तो कलमांवर वाद घालायची हौस असेल तरच. आकड्यांचे तक्ते तिथं मिळणार नाहीत. देश दरवर्षी देतात ती विश्वासवर्धक माहिती-पत्रकं हाच मुख्य कागद, आणि तीही सगळे देश भरत नाहीत.