नवरंग की खंड्या?

जूनच्या पहिल्या पावसानंतर जळगाव जिल्ह्यातल्या पाल गावाजवळच्या सातपुड्याच्या जंगलात झाडीतून निळा-पांढरा झपका गेला की सोबतचा कुणीतरी हमखास ओरडतो, "नवरंग!" बहुतेकदा तो खंड्या असतो. उडताना या दोन्ही पक्ष्यांच्या पंखांवर निळा रंग आणि पांढरा ठिपका चमकतो, म्हणून घोटाळा होतो.

पक्षी बसू द्या. खंड्या उघड्यावर बसतो: केळीच्या बागेजवळची विजेची तार, विहिरीचा काठ, वठलेली फांदी. लालभडक, जाडजूड लांब चोच, चॉकलेटी डोकं, पांढरा गळा. पाणी जवळ नसलं तरी चालतं. नाकतोडे, सरडेही तो खातो. वर्षभर दिसतो.

नवरंग मात्र जमिनीवरचा. झुडपाखालच्या पाचोळ्यात टुणटुण उड्या मारत, पानं उलटून किडे शोधतो. बुलबुलापेक्षा किंचित लहान, गुबगुबीत, शेपूट इतकी आखूड की कापल्यासारखी वाटते. पाठ हिरवी, डोळ्यावरून जाड काळी पट्टी, पोट पिवळसर आणि शेपटीखाली कुंकवासारखा लाल. हा लाल दिसला की शंकाच उरत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी वीण करायला येतो, थंडीत दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडे जातो.

माझा भरवसा कानावर जास्त. पहाटे किंवा तिन्हीसांजेला दोन सुरांची स्वच्छ शीळ आली तर नवरंग. खंड्याचं ओरडणं कर्कश, खिदळल्यासारखं. शीळ ऐकलीत तर पुढे जाऊ नका. जागीच बसा, विणीच्या दिवसांत त्याला हुसकावू नका. तो स्वतःच पाचोळ्यातून समोर येतो.