माळवदाच्या घरात जेवण, मंगळवेढा रोड

सोलापूरहून मंगळवेढ्याकडं जाताना एका खेड्यात जुनं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर नीट करून जेवायची सोय केलीय. जाहिरातीत 'वाडा' लिहिलंय पण वाडा बिडा काय नाही, साधं शेतकऱ्याचं घर आहे आणि तेच भारी वाटलं. ढेलजेतनं (दारालगतच्या देवडीतनं) आत गेलं की सोपा, म्हणजे बसाउठायची ओसरी, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर, आपल्याकडं पाऊस कमी म्हणून हे छत चालतं, कोकणात एका पावसाळ्यात खाली आलं असतं. भर उन्हात गेलो तरी आत गारवा. ज्वारी साठवायचं बळदपण शाबूत.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात असली घरं मातीच्या वजनानं माणसांवर बसली, मग भीतीनं लोकांनी माळवदं उतरवून पत्रे टाकले. इथं मालकानं आतनं लोखंडी खांब दिलेत, दिसायला बेकार पण बरं केलं. भिंतींना ऑइल पेंट का मारला देव जाणे, ओल कोंडून पोपडे सुटलेत.

कडक भाकरी, शेंगाचटणी, दही एक नंबर. पिठलं पाणचट. थाळी २५० रुपये, जरा जास्तच. फोन करून जावा.